दिवसा वीज हवी, मग गायरानातल्या सौर प्रकल्पाला विरोध का?

कोल्हापूर जिल्ह्यात सौर प्रकल्पाला विरोध करणारी गावे आणि दिवसा विजेसाठी भांडणारी गावे बहुतेक तीच आहेत. शेतीपंपांना आठवड्यातले काही दिवस दिवसा 8 तास आणि उरलेले दिवस रात्री वीज, हे चक्र इथे वर्षानुवर्षे चालले. उसाला पाणी पाजायला रात्री दोन वाजता मोटर सुरू करायची, अंधारात साप-विंचवाची भीती, राधानगरी-पन्हाळ्याकडे गव्यांचीही. फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले, ते दिवसा 10 तास वीज मिळावी म्हणून.

सरकारचे उत्तर होते मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. विजेच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथली वीज त्याच भागातल्या शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, द्यायची. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही.

घोडे अडले ते जमिनीपाशी. एका मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात, तेही एका पट्ट्यात. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे, म्हणजे एकरी 50 हजार. पंचगंगा-कृष्णाकाठच्या बागायतदाराला ऊस सोडून त्यात काय गोडी? शिवाय इथली जमीन गुंठ्यांत मोजली जाते. वीस एकर सलग मिळवायचे तर पन्नास खातेदार आणि त्यांचे भाऊबंद एका सतरंजीवर बसवावे लागतील. मग नजर गेली गायरानाकडे. मालकी सरकारची, म्हणून भाड्याचा प्रश्नच नाही.

पण वहिवाट गावाची. कोल्हापुरात म्हैस ही भूमिहीनाचीही मिळकत आहे. 1963 मध्ये स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्यांत अर्धा एकरवाले खूप. त्यांची म्हसरे गायरानात चरतात. घरकुलाची जागा, पाण्याची टाकी, पोरांचे मैदान, स्मशानभूमी, सगळे तिथेच. त्यात 2022 च्या अखेरीस गायरानावरची घरे पाडण्याच्या नोटिसा निघाल्या. ज्याला ‘ही जागा सार्वजनिक आहे, घर हलव’ असे सांगितले, त्यालाच पुढे तिथे कंपनीचे कुंपण दिसले तर तो काय समजणार?

भीतीला धुळ्याचाही आधार आहे. विखरणचे धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, पुढे तिथे सौर प्रकल्पाचे ठरले. मोबदल्यासाठी झगडून थकलेल्या या 84 वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले. कोल्हापुरातल्या योजनेत सक्तीचे संपादन नाही, हा फरक मोठा आहे. पण गावात चर्चा करताना तो कोणी नीट मांडत नाही.

ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षे, असे अनुदान ठरले आहे. वीज खरेदीचा करार मात्र 25 वर्षांचा. आणि फीडरचा फायदा मिळतो तो मोटर असलेल्याला. ज्याच्याकडे मोटर नाही, फक्त दोन म्हशी आहेत, त्याचे या सगळ्या हिशेबात नाव कुठेच येत नाही. ग्रामसभेत हात वर करून नाही म्हणणाऱ्यांत तो पुढे असतो.