टाकीला आधी विरजण लागू द्या, मग मासे न्या

टाकी आणि मासे आम्ही एकाच दिवशी देत नाही. यावरून काउंटरवर रोज थोडी वादावादी होते, मुलं हिरमुसतात. म्हणून कारण एकदाचं कागदावर लिहून देतो आहोत.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. नदीत तो विरून जातो. दोन फुटी काचेत जाणार कुठे? पाणी दिसतं नितळ, पण आत माशाचे कल्ले भाजत असतात. इथे उपयोगी पडतात फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये हे जीवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी ‘सायकल’ होणं म्हणतात ते हेच.

दूध नुसतं ठेवलं तर नासतं, विरजण लावलं तर दही होतं. तेव्हा टाकी नेताना आमच्या चालू टाकीतल्या स्पंजचा तुकडा मागून घ्या. पैसे नाहीत. तपकिरी, बुळबुळीत दिसेल, ओल्या मातीसारखा वास येईल. कृपा करून धुऊ नका. टाकीच्याच पाण्यात घालून पिशवीत देतो, घरी गेल्या गेल्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजला चिकटून ठेवा. असं केलं की काम बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत होतं. थंडीत जरा जास्त धरा.

तोवर टाकीत मासा नको, पण फिल्टर दिवसरात्र चालू हवा आणि एक दिवसाआड चिमूटभर दाणे टाकायचे. ते जीवाणूंसाठी. मध्येच पाणी दुधाळ होईल. घाबरून ओतून देऊ नका, आपोआप निवळतं. आठवड्यातून एकदा पाणी तपासायला आणा. आधी अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागलं की मासे न्यायला या. तेही एकदम डझनभर नाही. आधी तीन-चार गप्पी किंवा मोली, बाकीचे पंधरा दिवसांनी. गोल्डफिश घाण फार करतो, गोल बाउलमध्ये ठेवायला तो आम्ही देतच नाही.

आमचे एक जुने ग्राहक आहेत. पाहुणे येणार म्हणून त्यांनी रविवारी अख्खी टाकी रिकामी केली, खडी घासली आणि स्पंज पांढरा होईपर्यंत नळाखाली पिळला. बुधवारी सकाळी फोन आला, सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. टाकी लखलखीत होती. त्यांनी आणलेल्या पाण्यात आम्ही अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पिवळी राहायला हवी ती नळी गर्द हिरवी झाली. विरजणाचं भांडंच धुऊन टाकलं होतं!

तर सगळं पाणी कधीच बदलू नका. २४ × १२ × १२ इंचांची टाकी काठोकाठ ५६ लिटरची, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५च्या आसपास. त्यातलं १० ते १२ लिटर दर आठवड्याला सायफनने काढा, नळीचं तोंड खडीत खुपसून, म्हणजे खालचा गाळही निघतो. स्पंज महिन्यातून एकदा त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस्स. साबण टाकीच्या आसपाससुद्धा नको.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना आणि जीवाणूंना दोघांनाही मारतं. बादली २४ तास उघडी ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला उग्र वास आला तर थेंबच वापरा. बोअरचं पाणी जड असतं. मोली-गप्पींना ते मानवतं, पण इतर मासे निवडायच्या आधी आम्हाला विचारा.

रात्री वीज वाचवायला फिल्टर बंद करणारे बरेच भेटतात. जीवाणूंनाही प्राणवायू लागतो हो. वीज चार-पाच तासांहून जास्त गेली तर स्पंज काढून टाकीत सोडा आणि बॅटरीवरचा एअर पंप लावा. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच.

टाकी बंद करायची झाली तर मासे नदीत-तलावात सोडू नका, विशेषतः सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा. आम्हाला आणून द्या, आम्ही ठेवून घेतो. आणि तपासायचं पाणी आणताना बिसलरीची रिकामी बाटली चालेल; कोल्ड्रिंकची नको, धुतली तरी गोडवा राहतो.