डेकेअरचं बिल: एफएसए भरायचा की क्रेडिट घ्यायचं?

अमेरिकेत डेकेअरच्या खर्चावर कर वाचवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींची नेहमी गल्लत होते. डिपेंडंट केअर एफएसए हे कंपनीमार्फत उघडायचं खातं. त्यात पगारातले पैसे कर लागण्याआधीच कापून जमा होतात. चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट मागायचं ते रिटर्न भरताना, फॉर्म 2441 वर, आणि ते थेट देय करातून वजा होतं.

'आधी एफएसए पूर्ण भरा' हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. 2026 पासून तो डोळे झाकून पाळू नका. एफएसएची मर्यादा कुटुंबामागे 5,000 वरून 7,500 डॉलर झाली, पण क्रेडिटचे दरही वाढले. क्रेडिट एका मुलासाठी 3,000 आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी 6,000 डॉलर खर्चावरच मिळतं, आणि एफएसएमधला प्रत्येक डॉलर या रकमेतून वजा होतो. पूर्ण 7,500 भरले की क्रेडिट शून्य.

समजा नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न 1,20,000 डॉलर, मुलं दोन, डेकेअरचा खर्च 15,000. संयुक्त रिटर्नवर ते 12 टक्के इन्कम टॅक्सच्या टप्प्यात येतात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के धरून एफएसएने वाचतात सुमारे 1,474 डॉलर. क्रेडिटचा दर मात्र 35 टक्के, म्हणजे 6,000 वर 2,100. इथे एफएसएला हातच लावू नये. थोडं इकडे, थोडं तिकडे केलं तरी कमीच पडतं. मूल एकच असेल तर क्रेडिट 1,050 वर थांबतं आणि एफएसए सरस ठरतो. उत्पन्न 2,20,000 असेल (दोघांचे पगार साधारण सारखे) तर दर 20 टक्क्यांवर येतो: दोन मुलांचं क्रेडिट 1,200, एफएसएची बचत सुमारे 2,224. मात्र कमी उत्पन्नात कागदावरचा मोठा दर फसवा असतो, कारण क्रेडिट देय करापुरतंच मिळतं, उरलेलं परत येत नाही.

एफएसए एकदम वापरता येत नाही. पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल तर जानेवारीत 1,500 चं बिल टाकलं तरी पहिल्या पगारातून कापलेले 288 डॉलरच हातात येतात. वर्षअखेर उरलेले पैसे बुडतात. काही कंपन्या ते वापरायला पुढच्या वर्षात अडीच महिन्यांची सवलत देतात. रक्कम ठरते ओपन एन्रोलमेंटमध्ये (कंपनीच्या सुविधा निवडायच्या वार्षिक मुदतीत), म्हणून हिशेब आधीच करा.

अटी मात्र दोन्हींकडे सारख्या. मूल 13 वर्षांखालचं हवं. किंडरगार्टनपासून पुढची शाळेची फी आणि रात्री मुक्कामाचे कॅम्प चालत नाहीत, शाळेनंतरचं डेकेअर चालतं. जोडीदाराचीही कमाई हवी. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना सूट आहे, पण वर्क परमिट नसलेल्या आणि शिकतही नसलेल्या एच-4 (एच-1बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदारामुळे दोन्ही दारं बंद होतात. मुलं सांभाळणाऱ्या मावशींना रोख पैसे देत असाल तर त्यांचा टॅक्स नंबर फॉर्म डब्ल्यू-10 वर सुरुवातीलाच लिहून घ्या.