जुनं जहाज बर्फात न्यायचंय? पत्रा कापण्याआधी कागद जमवा

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि नेमके तेव्हाच मला बर्फाचे फोन येतात. जळगाव-धुळ्याकडची मर्चंट नेव्हीतली पोरं सुट्टीवर आली की विचारतात, "भाऊ, कंपनी जुनं जहाज बर्फात पाठवायचं म्हणतेय. हलला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, जाड पत्रा मारला की सर्टिफिकेट मिळेल ना?" नाही रे भो. आधी कागद, मग पत्रा.

जहाज जाणार कुठे, यावर अर्ज ठरतो. बाल्टिकमध्ये पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम, लागत नाही; तिथे फिनिश-स्वीडिश आइस क्लास, म्हणजे बर्फात चालायच्या ताकदीची श्रेणी, चालते. आर्क्टिकमध्ये किंवा ६० अंश दक्षिणेच्या पलीकडे मात्र पोलर कोड. तो १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि जुनी जहाजंही त्यातून सुटत नाहीत.

पोलर कोडमध्ये पात्रतेचे वर्ग तीन. 'ए'ला किमान मध्यम जाडीचा, म्हणजे ७० ते १२० सेंटीमीटरचा एका हंगामाचा बर्फ झेपायला हवा. 'बी'ला ३० ते ७० सेंटीमीटरचा. 'सी' म्हणजे मोकळं पाणी किंवा त्याहून हलका बर्फ. जुन्या जहाजाने 'ए'च्या नादी लागू नये, असं माझं मत. 'सी'मध्ये आहे तो सांगाडा ठरलेल्या कामाला पुरेसा आहे असं प्रशासनाला, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलंय त्या देशाच्या सागरी खात्याला, पटलं, तर हल मजबूत करायची गरजच पडत नाही.

अर्ज मालक किंवा मॅनेजिंग कंपनी करते, सहसा क्लासिफिकेशन सोसायटीकडे, म्हणजे जहाजाची बांधणी तपासून दाखला देणाऱ्या संस्थेकडे. सोबत मूळ बांधणीची ड्रॉइंग, स्टीलच्या ग्रेडचे दाखले, पत्र्याच्या जाडीचा ताजा थिकनेस रिपोर्ट, कोणत्या हंगामात कुठल्या मार्गाने जाणार त्याचं जोखीम-मूल्यांकन आणि पोलर वॉटर ऑपरेशनल मॅन्युअल, म्हणजे ध्रुवीय पाण्यात जहाज कसं चालवायचं त्याची पुस्तिका. कडाक्याच्या थंडीत जायचं असेल तर सर्व्हिस टेंपरेचरही नोंदवावं लागतं: तिथल्या त्या हंगामातल्या रोजच्या किमान तापमानाच्या सरासरीतला सगळ्यात खालचा आकडा घ्यायचा आणि त्याच्याही किमान १० अंश खाली जायचं.

बहुतेक घोडं अडतं ते थिकनेस रिपोर्टवर. पत्रा घासून चकचकीत करतात, खडूने चौकट मारतात, जेल लावून जाडी मोजणाऱ्या मीटरचा प्रोब टेकवतात. ड्रॉइंगवर १६ मिलिमीटर आणि मीटरवर १४.१ आला, की सगळं गणित नव्याने. शिवाय बर्फाचा दाब नुसता पत्रा सोसत नाही, मागच्या फ्रेम, म्हणजे सांगाड्याच्या फासळ्या, सोसतात. म्हणून वॉटरलाइनच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या, पट्ट्यात दोन फ्रेमांच्या मध्ये आणखी एक फ्रेम घालतात. फ्रेम तशाच ठेवून वरून जाड पत्रा मारणं म्हणजे आरे खिळखिळे झालेल्या चाकावर नवी धाव चढवणं. आणि साधं ए ग्रेडचं स्टील कडक थंडीत ठिसूळ होतं, तिथे डी-ई ग्रेडचे पत्रे बदलून घालावे लागतात. १९६२ चा मॅनहॅटन टँकर १९६९ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ वायव्य मार्गाने पाठवताना अक्षरशः तुकडे करून पुन्हा जोडला होता. खर्चाचा अंदाज त्यावरूनच करा.

ड्रॉइंग मंजूर होण्याआधी गॅस कटर पेटवू नका. वेल्डर दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या बॉयलरवर हात बसलेला असला तरी क्लासिफिकेशन सोसायटीची परीक्षा द्यावीच लागते. काम झालं की सर्व्हेअर जहाजावर येऊन तपासतो आणि जास्तीत जास्त ५ वर्षांचं पोलर शिप सर्टिफिकेट मिळतं. ते आणि मॅन्युअल, दोन्ही जहाजावरच ठेवायचे. कॅप्टन आणि चीफ ऑफिसरच्या ध्रुवीय प्रशिक्षणाचे दाखले त्याच फाइलला लावून टाका.