वाघाटी: एक वेल, एक मांजर आणि बिबट्याची अफवा

ऊसतोडीत ठिपक्यांचं पिल्लू सापडलं, की कोल्हापूर भागात ‘बिबट्याचा बछडा’ म्हणून फोटो फिरतात. पुष्कळदा ती वाघाटी असते. हे रानमांजर पूर्ण वाढलं तरी वजन जेमतेम दीड किलो! बिबट्याचे ठिपके काळे, पुंजक्यांत; हिच्या पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, डोळ्यांच्या आतल्या कडेनं कपाळावर चढणारे दोन पांढरे पट्टे.

आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात, ती वाघाटी मात्र वेल: नखांसारखे वाकडे काटे, फूल उमलताना पांढरं, मग गुलाबी होत जाणारं. दोघींचं नाव तेवढं एक.

पिल्लू कुणाचंही असो, उचलू नका. आई बहुधा रात्री येऊन नेते. तेवढी तोड थांबवा, १९२६ वर वन विभागाला कळवा.