सीपीहल्क म्हणजे फायरवॉल नव्हे

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सीएसएफ हा लिनक्स सर्व्हरचा फायरवॉल बनवणारी कंपनी बंद झाली. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतंय : ‘सीएसएफ गेलं तर जाऊ दे, डब्ल्यूएचएममध्ये सीपीहल्क आहेच की!’ (डब्ल्यूएचएम म्हणजे सीपॅनेल या होस्टिंग सॉफ्टवेअरचं सर्व्हर सांभाळायचं पॅनेल, आणि सीपीहल्क म्हणजे त्यातलं पासवर्डचे अंदाज मारणाऱ्यांना रोखणारं साधन.) मुळात सीएसएफ गेलेलंच नाही. कंपनीने जाता जाता त्याचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. पण ते सोडा. ते गेलं असतं तरी त्याच्या जागी सीपीहल्क बसलं नसतं.

फायरवॉल तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तो लगेच उरकतो. कुठले पोर्ट (सर्व्हरची दारं) उघडे ठेवायचे, कुणाचं पॅकेट आत घ्यायचं, कुणाचं टाकून द्यायचं, एवढंच त्याचं काम. सीएसएफच्या जोडीला एलएफडी असतं. ते लॉग म्हणजे सर्व्हरच्या नोंदी वाचत बसतं आणि चुकीचे पासवर्ड मारणारा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसला की त्याला फायरवॉलच्या ब्लॉक यादीत टाकतं.

घोळ नेमका इथे होतो, कारण चुकीचे पासवर्ड सीपीहल्कही मोजतं. व्हाइटलिस्ट-ब्लॅकलिस्ट (सूट दिलेल्या आणि अडवलेल्या आयपींच्या याद्या) दोन्हीकडे, ‘आयपी ब्लॉक झाला’ हे शब्दही दोन्हीकडे. पण ब्लॉक होतं ते वेगवेगळं. फायरवॉल कनेक्शनच होऊ देत नाही. सीपीहल्क कनेक्शन होऊ देतं, लॉगिनचं पानही दाखवतं, फक्त पासवर्ड स्वीकारत नाही. आणि हे नीट वाचा : बरोबर पासवर्डसुद्धा स्वीकारत नाही.

एखाद्या ऑफिसचं उदाहरण घ्या. दहा-पंधरा माणसं, सगळ्यांचा मिळून एकच पब्लिक आयपी. सगळ्यांच्या मेलचे पासवर्ड बदलले, पण बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आधीचेच राहिले. ते फोन दर थोड्या वेळाने आयमॅपवर (मेल वाचायच्या सेवेवर) जाऊन आपटतायत. एलएफडीने तो आयपी पकडला तर अख्ख्या ऑफिसला मेल नाही, वेबसाइट नाही, सीपॅनेल नाही. ब्राउझर नुसता गरगर फिरतो आणि टाइमआउट येतो. मोबाइल डेटावर मात्र सगळं सुरळीत. मग फोन येतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ सीपीहल्कने पकडला तर वेबसाइट छान उघडते, पण आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारतं. मग फोन येतो, ‘पासवर्ड चालत नाही.’ या दुसऱ्या फोनवर सपोर्टवाले हमखास पासवर्ड रीसेट करून देतात, आणि माझं डोकं तिथेच सटकतं. पासवर्ड आधीही बरोबरच होता! आता नवा पासवर्ड ज्या ज्या फोनमध्ये टाकला नाही तो प्रत्येक फोन आपटायला लागतो आणि ब्लॉक आणखी घट्ट होतो. आधी ते फोन शोधा, मग सीपीहल्कच्या हिस्टरी रिपोर्टमधून आयपी सोडवा. सीएसएफच्या यादीत तो कितीही शोधलात तरी सापडायचा नाही.

सीपीहल्कच्या सेटिंगमध्ये एक चेकबॉक्स आहे, अडकलेला आयपी फायरवॉललाही कळवण्याचा. तो टिक केला की वरची सगळी लक्षणं एकमेकांत मिसळतात. मी तो बंदच ठेवतो.

ब्लॉक पासवर्डपाशीच होतो, याचा एक फायदाही आहे. सीपीहल्कने रूटला (सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिनला) बाहेर ठेवलं तरी एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर जायच्या सोयीच्या) कीने, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्लीने, आत जाता येतं, कारण त्यात पासवर्डचा प्रश्नच येत नाही. फायरवॉलने बाहेर काढलं तर की असून उपयोग नाही. दुसऱ्या आयपीवरून या, नाहीतर होस्टिंगवाल्याचा कन्सोल उघडा. म्हणून आधी की, मग सीपीहल्क. हा क्रम माझ्याकडे बदलत नाही.

सीपीहल्कला काय दिसत नाही तेही बघा. ते सीपॅनेल, डब्ल्यूएचएम, मेल, एफटीपी आणि एसएसएचच्या लॉगिनवर नजर ठेवतं. वर्डप्रेसचं लॉगिन वर्डप्रेसच्याच डेटाबेसमध्ये तपासलं जातं, त्याचा सीपीहल्कला पत्ताही लागत नाही. तिथे मॉड सिक्युरिटी हा वेबसाइटवरच्या विनंत्या तपासणारा फायरवॉल लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा ३३०६ पोर्ट जगाला उघडा असेल तर तोही सीपीहल्क बंद करणार नाही. पोर्ट बंद करणं हे त्याचं कामच नाही.

युजरनेमवर आधारलेलं संरक्षण बाहेरच्या आयपींनाही लागू करायची सोय सीपीहल्कमध्ये आहे. कृपया करू नका. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला बॉट तुमच्या ‘इन्फो’ मेलबॉक्सवर पासवर्ड मारत राहील आणि खऱ्या मालकालाच कुलूप लागेल. आयपीवर आधारलेलं संरक्षण चालू ठेवा.

व्हाइटलिस्टचाही तसाच अतिरेक चालतो. घरच्या ब्रॉडबँडचा बदलता आयपी कायमचा व्हाइटलिस्ट करून लोक निवांत झोपतात. राउटर रीस्टार्ट झाला की तो पत्ता कदाचित दुसऱ्याच कुणाकडे जातो, आणि सूट मात्र तशीच. स्थिर आयपी नसेल तर व्हाइटलिस्टच्या वाटेला जाऊ नका.

सीपॅनेलमधला आयपी ब्लॉकर ही आणखी तिसरी भानगड. तो फक्त त्या अकाउंटच्या एचटीअ‍ॅक्सेस या वेबसाइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओळी लिहितो, म्हणजे वेबसाइटपुरता. मेल किंवा एसएसएचशी त्याचा संबंध नाही.

आणि ‘आमच्याकडे सीएसएफ आहे’ म्हणणाऱ्यांनी त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘टेस्टिंग’ या सेटिंगसमोर काय लिहिलंय ते आजच पाहा. तिथे १ असेल तर क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी सगळे नियम पुसून टाकतो आणि एलएफडी सुरूच होत नाही. तिथे ० हवा.