हिंटसंग्रह (प्रोग्रॅमिंगचे स्वाध्याय)

प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातील स्वाध्यायांसाठी अनेकांनी मिळून ऑनलाइन जमवलेला हिंट आणि उत्तरांचा साठा. व्हॉट्सअ‍ॅपचा गट या कामाला तोकडा पडतो. स्क्रीनशॉटमधला कोड कॉपी करून चालवता येत नाही, आणि दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होऊन तारे गायब झाले की पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता ठेवणारे, तारा लावून लिहिले जाणारे व्हेरिएबल) कोड बिघडतो. त्यापेक्षा गिटवरची (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) सामायिक रेपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, बरी. कोणी काय बदलले तेही तिथे दिसते.

प्रत्येक स्वाध्यायाला एक फोल्डर द्यावा. नावात प्रकरण आणि स्वाध्याय दोन्ही दोन अंकी लिहावेत (०१-०२, ०१-१०); नाहीतर यादीत १-१० हा १-२ च्या आधी येतो. पुस्तकाची आवृत्तीही नोंदवावी, कारण आवृत्ती बदलली की स्वाध्यायांचे क्रमांक सरकू शकतात. प्रश्नाचा मजकूर उतरवू नये. तो प्रकाशकाच्या हक्काचा असतो, आणि क्रमांकावरून काम भागते.

हिंट तीन पायऱ्यांत द्यावी: आधी प्रश्न नेमका काय मागतो, मग कोणती रचना वापरायची, शेवटी नेहमी चुकणारी जागा. पूर्ण उत्तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. हिंटखालीच उत्तर असेल तर हिंट कोणी वाचत नाही, उत्तर थेट जर्नलमध्ये उतरते आणि तोंडी परीक्षेत उघडे पडते.

केर्निगन व रिची यांच्या सी भाषेवरील पुस्तकात (दुसरी आवृत्ती, १९८८) स्वाध्याय १-१३ शब्दांच्या लांबीचा स्तंभालेख मागतो. इंग्रजी शब्दांवर चाललेला प्रोग्रॅम ‘धुळे’ या शब्दाची लांबी १२ दाखवतो. डोळ्यांना अक्षरे दोनच दिसतात, पण युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) ध, उकार, ळ आणि एकार अशी चार चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हे बाइटांत साठवण्याची रीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘नंदुरबार’ २४ बाइटांचा होतो. अ‍ॅरे (इथे लांबीनुसार मोजणी ठेवणारी घरांची रांग) २० घरांचा असेल तर लिखाण त्याच्या हद्दीबाहेर जाते. सी भाषा अडवत नाही, म्हणून चूक कधी दिसते, कधी लपते. त्यामुळे उत्तराबरोबर चाचणीचे इनपुट आणि अपेक्षित आउटपुट द्यावेच लागते: रिकामी फाइल, एकच शब्द, लागोपाठ मोकळ्या जागा, आणि गावांच्या नावांची एक मराठी ओळ.

कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) कोणता ते न लिहिलेली उत्तरे सर्वांत जास्त घोळ घालतात. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये इंट (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा असतो आणि ३२७६७ वर थांबतो. ७ चा फॅक्टोरियल (५०४०) बरोबर येतो, ८ चा (४०३२०) चुकतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर ३२ बिटांच्या इंटमध्ये हीच गत १३ ला होते. म्हणजे एकाचे ‘माझ्याकडे चालतं’ आणि दुसऱ्याचे ‘माझ्याकडे चालत नाही’ ही दोन्ही खरी असतात. टर्बो सीचे कोनिओ हेडर (conio.h ही कोडला जोडायची फाइल) आणि स्क्रीन पुसण्याचे फंक्शन तर लिनक्सवरच्या जीसीसीला माहीतच नसते. इनपुट संपवायला विंडोजवर ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-झेड आणि मग एंटर, तर लिनक्सवर कंट्रोल-डी. एवढी ओळ लिहिली नाही की ‘प्रोग्रॅम अडकला’ अशा तक्रारी येत राहतात.

हिंट मराठीत लिहावी, अहिराणीत सुचली तर तशीही चालेल. व्हेरिएबलची नावे आणि एररचा मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवावा, कारण पुढचा विद्यार्थी शोध त्याच एररचा घेतो.