मुखत्यारपत्र आहे, म्हणून निर्धास्त राहू नका
(ज्येष्ठांच्या दीर्घ आजारपणाची तयारी : आमच्या ग्राहकांसाठी)

मागे एक गृहस्थ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आईचं कुलमुखत्यारपत्र (आईच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी) घेऊन आले. दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवलेलं, पानापानावर आईची सही आणि अंगठा. चोवीस तासांची बाई आणि औषधं यांचा खर्च भागेना, म्हणून आईच्या नावचा फ्लॅट विकायचा होता. आईंना स्मृतिभ्रंश. मुलाला त्या 'दादा' म्हणतात, म्हणजे त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ.

कागदात एकही चूक नव्हती. पण त्याचा जीव गेला होता. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ : अधिकार देणारी व्यक्ती वारली किंवा तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, नेमका त्याच दिवशी तो निकामी! काही देशांत त्यानंतरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. मग उरतो उच्च न्यायालयात अर्ज. मुंबई उच्च न्यायालयाने कोमात किंवा स्मृतिभ्रंशात असलेल्यांच्या जवळच्या माणसांना पालक नेमलेलं आहे, पण त्यासाठी वैद्यकीय अहवाल लागतात, वेळ आणि पैसा जातो, आणि बाईचा पगार तर दर महिन्याला द्यावाच लागतो.

म्हणून शुद्ध शाबूत असतानाच पुढची कामं उरका.

बँकेची खाती आणि ठेवी 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने संयुक्त करा. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनीचा संबंध मृत्यूनंतर येतो, आजारपणात नाही. हात थरथरतो, सही जुळत नाही, एवढीच अडचण असेल तर घाबरू नका. दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा. पुढे भांडण झालंच तर तोच कामी येतो.

बक्षीसपत्राबाबत आम्ही जरा हात आखडता घेतो. राहतं घर मुलाला किंवा मुलीला द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये (इतर खर्च वेगळा), त्यामुळे 'आत्ताच नावावर करून टाकू' असा मोह होतो. करायचंच असेल तर 'आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असा दस्त सांभाळ न झाल्यास रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर तीच सिद्ध करत बसावं लागतं.

मालमत्ता मोठी असेल किंवा मुलं परदेशी असतील, तर खासगी न्यासाचा (प्रायव्हेट ट्रस्टचा) विचार करा. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे झालेली असते, त्यामुळे तुमची स्मृती गेली तरी त्यांचे अधिकार अडत नाहीत. घर न्यासात घालण्याआधी मुद्रांक शुल्काचा हिशेब मात्र करून घ्या.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार उपचारांबाबत आपल्या वतीने कोणी बोलावं, ते साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवता येतं. स्मृतीचे गंभीर विकारही त्यात येतात. पैशांचे व्यवहार येत नाहीत.

घरात स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं अपत्य असेल तर रस्ता वेगळा, आणि बराच सोपा. वयाच्या १८ वर्षांनंतर, राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. त्याची माहिती भेटीत देऊ.

येताना मालमत्तेची कागदपत्रं, ठेवींची यादी आणि विमा पॉलिसी आणा. आई-वडिलांनाही आणा. पहिली दहा मिनिटं आम्ही त्यांच्याशी एकट्याने बोलतो. तेवढा वेळ मुलांना खाली चहाला पाठवतो, राग मानू नये.